पोकळ होडीखालची पाचर

माझ्या दाजींना होड्यांच्या कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे दोरीमास्तर म्हणत, मालकसुद्धा. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. बहिणीच्या नवऱ्याची टिंगल करायचा हक्क माझा, परक्यांचा नाही. मग कळलं की ती टिंगल नव्हतीच. दाजींच्या खिशात कायम पांढऱ्या दोरीचं एक रीळ असे, आणि कुठलीही होडी समोर आली की ते आधी रीळ काढत आणि मग तोंड उघडत.

मी सुतार. टेबलं, कपाटं, दारं. फायबरच्या कामाबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट. काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, तिच्यावर रेझिन म्हणून एक उग्र वासाचा रस ओतायचा, रोलरनं दाबायचा, वाळला की म्हणायचं झाली होडी. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "तुझा नवरा डिंक लावतो." तिनं ते जसंच्या तसं त्यांच्या कानावर घातलं. दाजी रागावले नाहीत. त्यांनी उलट निरोप पाठवला, "डिंक लावणं सोपं असतं तर सुतारानं खिळे कशाला वापरले असते?" तेव्हापासून आमचं नातं ठरून गेलं. येता टोमणा, जाता टोमणा.

लग्नात मी त्यांना कपाट करून दिलं होतं. चांगलं लाकूड, स्वतः निवडलेलं. घरात आणून उभं केलं, तर या गृहस्थांनी आहेराच्या कपाटाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या दोन दोऱ्या ताणल्या, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "डावा पाय दोन सूत आखूड आहे." मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी गुपचूप रंधा घेऊन गेलो आणि बाकीचे तीन पाय दोन सूत उतरवले. त्यानंतर त्या कपाटाचं दार कधी कुरकुरलं नाही, हे मला मान्य करावं लागलं. त्यांच्यासमोर नाही केलं.

कारखान्यात ते एकोणिसाव्या वर्षी लागले, होड्यांवर नंबर रंगवायला. एक दिवस ब्रश हातात धरून लांबून बघता बघता म्हणाले, "ती तिसरी होडी पिळलेली आहे." जुन्या मुकादमानं त्यांना हाकलून दिलं. नंतर स्वतःच जाऊन मोजलं आणि परत बोलावलं. तिथून पुढं तीस वर्षं त्यांनी होड्या केल्या, दुरुस्त केल्या, कापल्या, जोडल्या. त्यांच्या हातची होडी पाण्यात टाकल्यावर चालवणाऱ्यानं सुकाणू सोडून हात वर केले तरी ती सरळ जात असे. हे मी ऐकीव सांगत नाही, मी तिच्यात बसलो आहे.

मग त्यांचे हात गेले. आधी बोटांच्या बेचक्यात चिरा पडल्या. आम्हाला वाटलं, थंडीनं असेल. मग पापण्या सुजायला लागल्या, मग सकाळी दम लागायला लागला. त्वचेच्या डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून बघितले आणि सांगितलं, "रेझिन तुमच्या अंगात मुरलंय. आता तुमचं आणि त्याचं जमायचं नाही. दर वेळी हात लावाल तसं वाढत जाईल. एक दिवस श्वास अडकेल." औषध काय, तर लांब राहायचं. तीस वर्षं एकच काम केलेल्या माणसाला त्याच कामापासून लांब राहायला सांगणं हे डॉक्टरला फार सोपं असतं.

त्यांचं घर दोन खोल्यांचं, जिना चढून गेलं की आधी स्वयंपाकघर. तिथल्या टेबलापाशी ताई रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. बोटं वाकायची नाहीत. दाजी हनुवटी वर करून उभे राहायचे आणि मी तिथं असलो की म्हणायचे, "बघ, लग्नात एवढी सेवा झाली नव्हती." ताई हसायची नाही. कॉलरचं बटण लावताना तिचा हात किंचित जास्त वेळ तिथं थांबायचा.

मालक वाईट माणूस नव्हता. हे मी आता सांगून ठेवतो, कारण पुढं मला त्याचा फार राग आला. त्यानं दाजींना बोलावून सांगितलं, "दोरीमास्तर, तीस वर्षं हातानं काम केलंत, आता डोळ्यानं करा. मला मापाचा एक माणूस हवाच आहे. होडी टेकूंवर कशी बसवायची ते सांगायचं, दोऱ्या लावायच्या, तयार होडी तपासायची. रेझिनला बोटसुद्धा लावायचं नाही. पण तुम्ही आजवर सगळं स्वतः करत आलात. दुसऱ्यांकडून करवून घेणं तुम्हाला जमतं का, ते मला बघायचंय. माझी स्वतःची जुनी होडी आतून कुजलीय. ती हात न लावता उभी करून दाखवा. सरळ निघाली, तर काम तुमचं."

आणि सरळ निघाली नाही, तर घर. हे त्यानं सांगितलं नाही, पण आम्हा तिघांनाही ते समजलं होतं.

दाजी त्याच संध्याकाळी माझ्या दुकानात आले. "लाकडाचं काम आहे. बाहेरचा सुतार नको मला. येशील?"

"डिंकवाल्यांच्यात?"

"डिंक दुसरे लावतील. तू तुझे खिळे घेऊन ये."

ती होडी बाहेरून बघितली तर कुणी म्हणालं नसतं की तिला काही झालंय. रंग उडालेला, बाकी अंग गुळगुळीत. पण आत पाय ठेवला की तळाची फळी दबायची. दाजींनी मला समजावलं. फायबरच्या होडीचं बाहेरचं अंग म्हणजे नुसतं कवच असतं, करंगळीएवढं जाड. तिला आकारात धरून ठेवतो तो आतला लाकडी गाभा. तळाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले लांब वासे, आणि मागं इंजिन टांगतात ती जाड भिंत. हे सगळं लाकूड काचेत गुंडाळलेलं असतं म्हणून दिसत नाही. पण एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजत राहतं आणि वरची काच मात्र शहाजोगपणे चकाकत असते. आम्ही फळी उचलली तेव्हा आतले वासे काळे पडले होते. हातानं ओढले तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे तुटून आले. सुतार म्हणून मला ते बघवलं नाही.

कापाकापी सुरू करण्याआधी दाजींनी दोन दिवस नुसती तयारी केली. होडीखाली सहा टेकू लावले, प्रत्येकावर जुन्या सतरंजीच्या घड्या. वर काठावर आडव्या पट्ट्या ठोकल्या, कवच रुंदीला फाकू नये म्हणून. आणि मग दोऱ्या. पुढच्या उजव्या कोपऱ्यापासून मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत एक, दुसऱ्या बाजूनं दुसरी. मधोमध जिथं त्या एकमेकींना ओलांडतात तिथं वरची दोरी खालच्या दोरीला जेमतेम शिवली पाहिजे. दाबली गेली तरी वाईट, सुटली तरी वाईट. रोज सकाळी दाजी तिथं वहीच्या कागदाची एक चिठ्ठी सरकवून बघत. चिठ्ठी थोडी अडखळून गेली की म्हणत, "आहे जागेवर."

मी माझी पाणसळ काढली. काचेच्या नळीतला बुडबुडा मधे आला म्हणजे वस्तू सपाट, हे आमच्या धंद्याचं पहिलं अक्षर. काठावर ठेवली तर बुडबुडा पार एका टोकाला.

"दाजी, तुमची होडी कललीय."

"फरशीला उतार आहे, पाणी जायला. होडी फरशीबरोबर कलली आहे. कलू दे. आपल्याला सपाटी नकोय, आकार हवाय."

मी मान हलवली. मनात म्हणालो, उतारावर काम करायचा आळस आणि वर तत्त्वज्ञान.

मग कापलं. सात दिवस त्या पत्र्याच्या शेडमध्ये पांढरी धूळ उडत होती. काचेची धूळ कातडीत शिरते आणि रात्रभर खाजते. दोन कामगार ग्राइंडर चालवत होते, मी पोती भरत होतो, आणि दाजी दारात मास्क लावून, हात पाठीमागं बांधून उभे. आठव्या दिवशी आत काहीच उरलं नव्हतं. वासे नाहीत, फळी नाही, मागच्या भिंतीचं लाकूड नाही. नुसतं कवच. मी काठावर हात ठेवला तर तो काठ माझ्या हाताखाली हलला.

"हात काढ," दाजी म्हणाले. "आता हिच्यावर श्वाससुद्धा जपून सोडायचा."

हे त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. माझ्याकडे सबब नाही.

घासून पातळ झालेल्या तळावर आतून काचेचा एक नवा थर द्यायचा होता. कामगारांपैकी एक जण रोलर घाईघाईनं फिरवत होता, थराखाली हवेचे फुगे राहत होते. दाजींनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मास्कमधूनच ओरडले, "अरे, फुगे! फुगे!" आणि चौथ्यांदा त्यांनी हातमोजे चढवून त्याच्या हातातून रोलर ओढून घेतला. मी अडवायला हवं होतं. पण इतक्या महिन्यांनी त्यांना काम करताना बघत होतो, आणि त्यांचा हात असा काही चालला होता की मी बघत राहिलो. अर्धा तास. मोजा कुठंतरी फाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे डोळे उघडत नव्हते. दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि चार दिवस घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं. ताईनं फोनवर मला एवढंच विचारलं, "तू होतास ना तिथं?"

कामगारांना मालकानं दुसऱ्या होडीवर लावलं. शेडमध्ये मी एकटा. मला नव्या वाशांसाठी नमुने कापायचे होते. पातळ प्लायची पट्टी तळावर उभी धरायची, तळाची वळणं तिच्यावर उतरवून घ्यायची, कापायची, परत लावून बघायची, परत घासायची. हे माझं काम, आणि मी ते चांगलं करतो. पण त्या दोन दोऱ्या! उठलो की मानेत, वाकलो की कानात. पहिल्या दिवशी दहा वेळा फास बसला. दुपारी मी वैतागून त्या सोडल्या, नीट गुंडाळल्या आणि खिळ्याला अडकवल्या. त्यांच्या वस्तूंचा मी मान ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणसळ परत हातात आली. बुडबुडा त्याच टोकाला. त्या कललेल्या होडीत मला काही केल्या चैन पडेना. मनात आलं, दाजी आजारी आहेत, येतील तेव्हा सगळं व्यवस्थित दिसू दे. टेबलाचा एक पाय खाली असला की त्याखाली पाचर मारायची, टेबल उचललं जातं, बुडबुडा मधे येतो. मी आयुष्यभर हेच केलंय. मी सागाच्या तुकड्याची एक छान निमुळती पाचर कापली, मागच्या डाव्या टेकूखाली ठेवली आणि हातोडीचे घाव घातले. बुडबुडा हळूहळू चालत मधे आला. मला इतकं बरं वाटलं की मी शीळ घातली.

टेबलाला कणा असतो. त्या होडीचा कणा आम्ही पोत्यांत भरून बाहेर टाकला होता. टेबलाचा एक पाय उचलला तर अख्खं टेबल उचललं जातं. पोकळ कवचाचा एक कोपरा उचलला तर तेवढा कोपराच उचलला जातो आणि बाकीचं अंग आहे तिथंच राहतं. पीळ बसतो. डोळ्याला दिसत नाही एवढा. हे आता मी कुणालाही सांगू शकतो. तेव्हा मी नमुने कापत होतो, त्या पिळलेल्या तळाला धरून, इतके अचूक की फटीत कागद जाणार नाही.

पाचव्या दिवशी दाजी आले. काळा चष्मा, दोन्ही हात पट्ट्यांत.

"दोऱ्या कुठायत?"

"काढल्या. गळ्यात येत होत्या. पण तुम्ही चिंता करू नका, मी पाणसळ लावून घेतलीय. बुडबुडा बरोब्बर मधे."

पाचरीचं मी बोललो नाही. लपवलं नाही, सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. दाजी खिळ्यावरच्या दोऱ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. त्या हातांनी गाठ बसणार नव्हती. मला 'बांध' म्हणाले असते तर मी बांधल्या असत्या, चार टोमणे मारून का होईना. पण सकाळी बायकोकडून बटणं लावून घेतलेल्या माणसाला तासाभरात मेहुण्याकडून गाठी मारून घ्यायच्या नव्हत्या. मला असं वाटतं. त्यांनी कधी सांगितलं नाही. ते पुढं आले, वाकून माझे नमुने बघितले, पट्टीवर मनगट फिरवलं.

"झकास बसलंय रे," ते म्हणाले.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी हवेतच होतो.

त्यानंतर काम भरभर झालं. वासे बसले, कोपरे लुकणाचा घट्ट लेप भरून गोल केले, त्यांच्यावर काचेचे थर चढले, एकावर एक, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. दाजींनी ताईला शब्द दिला होता, म्हणून ते अख्खा वेळ हात खिशात घालून उभे. कामगार आता त्यांचं ऐकायला लागले होते. मागची भिंत झाली, तळाची फळी बसली, रंग लागला. काच एकदा बसली की बसली, असं ते आनंदानं म्हणायचे. घरी ताईनं त्यांच्यासाठी एक नवा शर्ट आणून ठेवला होता. मापाच्या माणसाला मळलेल्या शर्टाची गरज पडणार नव्हती.

होडी पाण्यात उतरवली त्या दिवशी आत आम्ही चौघं होतो. चालवणारा, मालक, दाजी आणि मी. किनाऱ्याजवळ हळू चालवली तेव्हा काही कळलं नाही. मालक म्हणाला, "वा." मग चालवणाऱ्यानं वेग वाढवला आणि होडी डाव्या अंगाला झुकली. आधी वाटलं, लाट असेल. पण लाट नव्हती. होडीचं नाक डावीकडे ओढत होतं आणि चालवणारा दोन्ही हातांनी सुकाणू धरून तिला सरळ ठेवायचा प्रयत्न करत होता. मालक डावीकडून उठून उजवीकडे बसला. काही फरक पडला नाही. तो दाजींकडे वळला.

दाजी कुणाकडेच बघत नव्हते. एक डोळा मिटून ते पुढच्या काठाकडे बघत होते, मग मागच्या काठाकडे, मग परत पुढच्या. त्यांचा चेहरा उतरताना मी बघितला. "परत घ्या," ते म्हणाले.

होडी परत शेडमध्ये त्याच टेकूंवर आली. दाजींनी दोऱ्या मागितल्या आणि या वेळी मला सांगितलं, "बांध." मी बांधल्या. मधोमध दोन दोऱ्यांच्यामध्ये माझी दोन बोटं आरामात गेली. मालक शेजारीच उभा होता.

"दोरीमास्तर, हे कसं झालं?"

"माझ्याकडून राहिलं," दाजी म्हणाले.

मालक निघून गेला. दाजी गुडघे टेकून एकेक टेकू बघायला लागले. चौथ्या टेकूपाशी त्यांनी मान खाली घातली आणि तिथेच थांबले. त्यांच्याबरोबर मीही वाकलो. रेझिनचे ओघळ वाळून टेकूला चिकटलेली माझी सागाची पाचर तिथं होती. तोपर्यंत, खरं सांगतो, मला ती आठवलीही नव्हती.

"दाजी, ती मी मारली."

"कधी?"

"तुम्ही घरी होतात तेव्हा. दुसऱ्या दिवशी."

"किती वर घेतलीस?"

"बुडबुडा मधे येईपर्यंत."

ते उपड्या बादलीवर बसले. थोडं हसल्यासारखं केलं, पण ते हसू जमलं नाही. "रिकामी होती रे ती तेव्हा," एवढंच म्हणाले.

मला शिव्या हव्या होत्या. कानाखाली बसली असती तरी चाललं असतं. मी म्हणालो, आपण परत कापू, सगळं मी एकटा कापतो, दिवसरात्र कापतो. ते म्हणाले, "कापशील. पण मालक परत देतील का? आणि आता कुठल्या तोंडानं मागू?" मग त्यांनी मलाच धीर दिला. म्हणाले, "पाचर कुणीही मारतं. दोऱ्या बघायचं काम माझं होतं." मी शेडच्या मागं जाऊन रडलो. असा मी एरवी रडणारा माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकाच्या ऑफिसात गेलो. काचेच्या कपाटात छोट्या होड्या मांडलेल्या, टेबलावर फायली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दोऱ्या मी सोडल्या, पाचर मी मारली, चार दिवस दाजी घरी होते, होडी मी पिळली. मालकानं शांतपणे ऐकून घेतलं. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "बसा. तुमच्यासारखा मेहुणा मिळायला नशीब लागतं."

"अहो, मी खरं सांगतोय!"

"असेल. समजा, पाचर तुम्हीच मारलीत. पण वासे बसवायच्या आधी दोऱ्या न लावता 'बसवा' कोण म्हणालं?"

त्याचं उत्तर पट्ट्या बांधलेल्या दोन हातांचं होतं, आणि ते मी त्या टेबलावर कसं मांडणार होतो?

"त्यांना आता घरी बसू दे," मालक म्हणाला. "पुष्कळ केलं त्यांनी. मी काही त्यांच्यावर रागावलो नाही. होडी हळू चालवून सामान आणायला वापरू आम्ही." मग त्यानं समोरची फाईल मिटली. "मी काल आत वाकून तुमचे वासे बघितले. नखभर फट नाही कुठं."

"वाकड्या तळाला धरून कापलेत, म्हणून फट नाही!"

"तेच म्हणतोय. तळ जसा दिला तसा तुम्ही पकडलात. असं माप घेणारा माणूस मला हवा आहे. पुढच्या महिन्यापासून येता का?"

मी खुर्ची मागं ढकलून बाहेर आलो.

दुपारी ताईकडे गेलो. दाजी टेबलापाशी बसले होते, हात मांडीवर. मी ताईला सांगायचंच ठरवून आलो होतो. दाजींनी मला डोळ्यांनी गप्प केलं, पण मी गप्प राहिलो नाही. सगळं सांगितलं, अगदी शीळ घातली इथपर्यंत. ताई हातातलं भांडं धरून ऐकत होती. मला वाटलं, आता ते भांडं माझ्या डोक्यात बसेल, आणि बसलं असतं तर बरं झालं असतं.

"पुरे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "लहानपणी तुझ्या खोड्यांसाठी मी मार खाल्लाय. आता तू ह्यांच्यासाठी खा. पण मला नको सांगूस असलं काही. मी ह्यांचे हात रोज बघते. डोळेही तसेच झाले असणार. कळतं मला."

"ताई, अगं शपथ—"

"शपथ घेऊ नकोस." तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "किती जीव लावतोस रे ह्यांना."

मी दाजींकडे बघितलं. एका वाक्याचं काम होतं. 'तो खरं सांगतोय' एवढंच. ते म्हणाले, "मालक काय म्हणाले तुला?"

मी सांगणार नव्हतो. पण ते विचारतच राहिले, तेव्हा सांगितलं. मापाचा माणूस म्हणून मला बोलावलंय, पुढच्या महिन्यापासून, आणि मी काही जाणार नाही. ताई एकदम खाली बसली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि दाजींना म्हणाली, "ऐकलंत का? निदान घरातल्याच माणसाकडे राहिलं."

"मी जाणार नाही," मी परत म्हणालो.

"जा," दाजी म्हणाले. "ही चूक एकदा केलेला माणूस परत करत नाही. दुसरा कुणी घेतला, तर त्याच्या हातून ती अजून व्हायची आहे. तीस वर्षांत एकही वाकडी होडी गेली नव्हती तिथून. एक गेली. तेवढीच राहू दे." ते माझ्याकडे बघत नव्हते, टेबलाकडे बघत होते. "हो म्हण. अडचण आली तर मला विचारायला येत जा. मी घरीच आहे."

मी त्या टेबलापाशी बसून होतो. बहिणीला वाटत होतं की भाऊ देवमाणूस आहे, आणि ज्याला सगळं माहीत होतं तोच मला त्याची जागा घ्यायला सांगत होता. मला दोघांचाही राग आला. स्वतःचा सगळ्यात जास्त. पण त्या रागाचं मी करणार काय होतो?

मी हो म्हणालो. ताईनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि आधी मला वाढलं, मग दाजींना.